मैलापूरचा पंगुनी उत्सव : त्रेसष्ट संतांची नगरप्रदक्षिणा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यालगत वसलेल्या मैलापूर येथील कपालीश्वर मंदिरात दरवर्षी पंगुनी या तमिळ महिन्यात दहा दिवसांचा वार्षिक उत्सव साजरा होतो. ध्वजारोहणाने प्रारंभ होऊन शिवपार्वतीच्या विवाहाने सांगता होणाऱ्या या उत्सवातील आठवा दिवस सर्वांत मोठ्या गर्दीचा मानला जातो. त्या दिवशी शैव परंपरेतील त्रेसष्ट संतांच्या मूर्ती पालख्यांमधून बाहेर पडतात आणि मंदिराभोवतीच्या चार रस्त्यांवरून त्यांची मिरवणूक निघते. तमिळ भाषेत या सोहळ्यास ‘अरुपत्तुमूवर’, म्हणजे केवळ ‘त्रेसष्टजण’ असे म्हणतात. चेन्नईतील जुने रहिवासी या मिरवणुकीचा उल्लेख इतक्याच शब्दात करतात. पुढे काही सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातून दक्षिणेस जाणारे यात्रेकरू बहुधा तिरुपती, कांचीपुरम, मदुराई आणि रामेश्वर या वाटेने जातात व चेन्नईत गाडी बदलण्यापुरते थांबतात. मार्चचा उत्तरार्ध किंवा एप्रिलचा पूर्वार्ध असेल, तर मात्र दोन दिवस मुक्काम वाढवून हा उत्सव पाहण्याजोगा आहे.

तिथीचा हिशेब

पंगुनी हा तमिळ सौर वर्षातील अखेरचा महिना होय. मार्चच्या मध्यावर त्याचा आरंभ होतो आणि एप्रिलच्या मध्यास तमिळ नववर्षाबरोबर तो संपतो. या महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास उत्तरा फाल्गुनी नक्षत्र येते, त्या दिवसास ‘पंगुनी उत्तिरम्’ म्हणतात. उत्सवाची सांगता या नक्षत्राच्या सुमारास व्हावी, अशा बेताने दहा दिवस मोजले जातात. महिना सौर आणि पौर्णिमा चांद्र असल्यामुळे मराठी पंचांगाप्रमाणे हा दिवस कधी फाल्गुनात येतो, तर कधी चैत्रात. २०२३ साली तो ५ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी आला होता; २०२४ साली २५ मार्चला, म्हणजे धुळवडीच्या दिवशी. त्यामुळे गतवर्षीच्या तारखेवरून रेल्वेचे आरक्षण करणे धोक्याचे ठरते. त्या वर्षीची उत्सवपत्रिका पाहूनच प्रवासाचा बेत आखावा.

दहा दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी ध्वजस्तंभावर नंदीचे चित्र असलेला ध्वज चढविला जातो. त्यानंतर दररोज सकाळी व रात्री उत्सवमूर्ती वेगवेगळ्या वाहनांवरून बाहेर पडतात. महाराष्ट्रातील देवस्थानांमध्ये यात्रेच्या रात्री देवाचा छबिना निघतो, त्याच जातीचा हा विधी आहे. फरक इतकाच की येथे तो दहा दिवस चालतो आणि प्रत्येक वेळी वाहन बदलते.

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे अधिकार नंदी या वाहनावरून कपालीश्वराची स्वारी निघते. मनुष्यदेह आणि वृषभमुख असलेला हा नंदी आपल्या दोन्ही हातांवर देवाला तोलून धरतो. कोवळ्या उन्हात चांदीचे हे वाहन गोपुराखालून बाहेर येते, तो क्षण पाहण्यासाठी भाविक सूर्योदयापूर्वीच जागा धरून उभे असतात. गर्दी सोसत नसलेल्या वृद्ध यात्रेकरूंना आठव्या दिवसापेक्षा ही पहाट अधिक मानवते, असे म्हणावयास हरकत नाही. पाचव्या दिवशी रात्री वृषभवाहनाची मिरवणूक असते. सातव्या दिवशी रथोत्सव होतो. कपालीश्वराचा उंच लाकडी रथ आणि त्याबरोबर इतर दैवतांचे लहान रथ भाविक दोरखंडांनी ओढतात. नवव्या दिवशी भिक्षाटन रूपातील शिव आणि दहाव्या दिवशी विवाहसोहळा, असा क्रम आहे.

देव मंदिराबाहेर पडताना नादस्वरम् आणि तविल या वाद्यांवर ‘मल्लारी’ वाजविली जाते. ही रचना गंभीर नाट रागात बांधलेली असते आणि ती देवाच्या स्वारीसाठीच राखलेली आहे. पालखीमागे ‘ओदुवार’ म्हणजे तेवारम् ही प्राचीन तमिळ शिवस्तोत्रे गाणारे परंपरागत गायक चालतात.

त्रेसष्टजण कोण?

मराठी वाचकास या मिरवणुकीचे मर्म समजण्यास फारसे सायास पडू नयेत. नायन्मार नावाने ओळखले जाणारे हे त्रेसष्ट शिवभक्त एका जातीचे, एका व्यवसायाचे किंवा एका योग्यतेचे नाहीत. तिरुनीलकंठर कुंभार आहेत, अतिपत्तर कोळी आहेत, कण्णप्पर पारधी आहेत, तिरुक्कुरिप्पु तोंडर परीट आहेत. त्यांच्याच रांगेत राजे आहेत, सेनापती आहेत आणि वेदविद्यासंपन्न ब्राह्मणही आहेत. कारैक्काल अम्मैयार, पांड्य राणी मंगैयर्क्करसी आणि इसैज्ञानियार या तीन स्त्रियांचाही त्यांत समावेश आहे. गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई यांची नावे एका दमात घेणाऱ्या वारकरी मनाला ही यादी परकी वाटणार नाही. मात्र कालक्रमात नायन्मार बरेच आधीचे आहेत. ज्ञानेश्वरांच्या काळापूर्वी काही शतके तमिळ देशात ही भक्तीची लाट उसळली होती.

नायन्मारांपैकी एक असलेल्या सुंदरर यांनी आपल्या एका स्तोत्रात भक्तांची नामावळी प्रथम गुंफली. पुढे सुंदरर आणि त्यांचे माता-पिता धरून त्रेसष्ट ही संख्या रूढ झाली. बाराव्या शतकात, चोळ राजा दुसरा कुलोत्तुंग याच्या काळात, शेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ हा ग्रंथ रचून या सर्वांची चरित्रे तमिळ काव्यात आणली. तमिळनाडूतील बहुतेक मोठ्या शिवमंदिरांत प्रदक्षिणामार्गावर या मूर्तींची रांग दिसते. त्यांपैकी वायिलार नायनार हे मैलापूरचेच. त्यांनी मनातच मंदिर उभारले व मौनाने पूजा केली, अशी कथा आहे. गाजावाजासाठी प्रसिद्ध असलेल्या उत्सवात हा मौनी भक्तही पालखीतून फिरतो.

या परंपरेची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. नायन्मारांत तिरुनाळैप्पोवार म्हणजेच नंदनार आहेत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या या भक्ताला चिदंबरमच्या मंदिरात जाण्याची आस होती. अग्निप्रवेश करून शुद्ध झाल्यावरच त्यांना आत घेतले गेले, असे पुराण सांगते. संताची मूर्ती पूजेत होती, पण संताच्या समाजाला मंदिराची दारे बंद होती, ही स्थिती तमिळनाडूतही विसाव्या शतकापर्यंत टिकली. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आणि त्यांचे बांधव दाराबाहेर, असेच चित्र होते. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याच वर्षी मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा व्यापक कायदा झाला. त्याआधी १९३९ साली मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने प्रवेश घडून आला होता. मंदिरात पुजारी कोणी व्हावे, हा पुढचा प्रश्न. तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये विविध जातींच्या प्रशिक्षित अर्चकांची मंदिरांत नेमणूक केली आणि त्यावर न्यायालयात वादही झाले. आठव्या दिवशीच्या मिरवणुकीत कुंभार आणि राजा शेजारी शेजारी बसतात, त्या दृश्यामागे हा सारा इतिहास उभा आहे.

पूंपावैची कथा

आठव्या दिवसाची सकाळ एका कथेच्या नाट्यरूपाने सुरू होते. मैलापूरचे व्यापारी शिवनेसर यांची कन्या पूंपावै सर्पदंशाने मरण पावली. तिचा विवाह बालसंत ज्ञानसंबंधर यांच्याशी व्हावा, अशी पित्याची इच्छा होती. त्याने तिच्या अस्थी व रक्षा एका कुंभात जपून ठेवल्या. संबंधर मैलापुरास आले तेव्हा तो कुंभ त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी स्तोत्र गायिले आणि कुंभातून कन्या जिवंत प्रकट झाली, असे पेरियपुराणम् सांगते. आपणच तिला पुन्हा जन्म दिला, म्हणून ती कन्येसमान आहे, असे सांगून संबंधरांनी विवाहास मात्र नकार दिला.

संबंधरांचा काळ सातव्या शतकातील मानला जातो. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी या स्तोत्रास इतिहासाच्या दृष्टीने मोठे मोल आहे. एकेक उत्सवाचे वर्णन करून, हा सोहळा न पाहताच तू निघून जाणार काय, असे कवी त्या मृत कन्येला पुनःपुन्हा विचारतो. त्यात ऐप्पसीतील ओणम् आहे, कार्तिकातील दीपोत्सव आहे, मार्गळीतील आर्द्रा आहे, तै महिन्यातील पुष्य आहे, मासीतील समुद्रस्नान आहे आणि पंगुनी उत्तिरम्‌ही आहे. तेराशे वर्षांपूर्वी एका गावात वर्षभर कोणकोणते उत्सव होत, याची ही जणू दिनदर्शिकाच होय. त्यांपैकी बहुतेक मैलापुरात आजही होतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : त्या स्तोत्रातील पहिला सोहळा कोणत्याही तिथीचा नसून शिवभक्तांना भोजन घालण्याचा आहे.

मंदिर जुने, जागा नवी

सध्याचे मंदिर मूळ जागेवर नाही. संबंधरांच्या वर्णनातील मैलापूर समुद्राच्या लाटांना लागून आहे, तर आजचे मंदिर किनाऱ्यापासून आत आहे. मूळ देवालय किनाऱ्यावर, आजच्या सांथोम भागाच्या परिसरात होते आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमदानीत ते नष्ट झाले, असे अभ्यासक मानतात. सांथोम परिसरात जुन्या मंदिराचे शिलालेखयुक्त दगड सापडले आहेत. त्याच शतकात गोव्यातील मंगेशी, शांतादुर्गा आदी दैवते मूळ गावांहून अंत्रुज महालात हलविली गेली, हे मराठी व कोकणी वाचकांस ठाऊक आहेच. पूर्वेकडील सात मजली गोपुर १९०६ सालचे असून त्याची उंची सुमारे १२० फूट आहे.

‘मयिल’ म्हणजे मोर. शिवाचा उपदेश ऐकताना पार्वतीचे लक्ष एका मोराकडे गेले, त्यामुळे तिला लांडोरीचा जन्म घ्यावा लागला आणि पुन्नै वृक्षाखाली तिने शिवाची आराधना केली, अशी स्थळकथा आहे. पुन्नै म्हणजे कोकणातील उंडी. समुद्रकाठच्या या झाडाच्या बियांचे तेल कोकणात दिव्यासाठी वापरले जात असे. मंदिराच्या प्रांगणात तो वृक्ष आणि त्याखालील लहान देऊळ आहे. देवीचे नाव कर्पगांबाळ, म्हणजे इच्छिलेले देणारी कल्पवृक्षासमान माता.

प्रथमच येणाऱ्यांची एक गफलत नेहमी होते. मोठे गोपुर पूर्वेस असले तरी शिवलिंग पश्चिमाभिमुख आहे आणि मंदिराचे तळेही पश्चिमेस आहे. गोपुरातून आत गेल्यावर वळसा घालून पश्चिमेकडून दर्शनास जावे लागते.

आठव्या दिवसाची दुपार

दुपारी सुमारे तीन वाजता मिरवणूक सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा मंदिराभोवतीच्या रस्त्यांना ‘माड’ रस्ते म्हणतात. त्यांवरून प्रदक्षिणाक्रमाने पालख्या सरकतात. एकेका पालखीत काही संतांच्या कांस्यमूर्ती फुलांनी सजवून बसविलेल्या असतात. परिसरातील इतर देवळांतील दैवतेही या दिवशी सामील होतात. कोलविळी अम्मन आणि मुंडगकण्णी अम्मन या ग्रामदेवता येतात. ‘तिरुक्कुरळ’कार तिरुवळ्ळुवर आणि त्यांची पत्नी वासुकी यांच्या मूर्तीही येतात. तिरुवळ्ळुवरांचा जन्म मैलापुरात झाला, अशी समजूत आहे. चांदीच्या विमानात विराजमान कपालीश्वर या सर्वांच्या मध्ये असतो.

पालख्या वाहणाऱ्या सेवेकऱ्यांना तमिळमध्ये ‘श्रीपादम्’ म्हणतात. मोठी पालखी उचलण्यास अनेक माणसे लागतात, आणि देव डुलत चालला पाहिजे असा संकेत असल्यामुळे सर्वांची पावले एका तालात पडावी लागतात. तासन्‌तास हा भार खांद्यावर असतो. प्रेक्षकांच्या नजरा मूर्तीवर खिळलेल्या असतात, म्हणून भोयांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; एकदा त्यांच्या पावलांकडे जरूर पाहावे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंस अन्नदान चालू असते. व्यापारी, रहिवासी, लहान मंडळे, रिक्षाचालकांचे गट आपापल्या दारी मांडव घालून सांबारभात, दहीभात, पोंगल, सुंडल वाटतात. नीरमोर म्हणजे मीठ, आले, कढीलिंब घातलेले पातळ ताक. पानकम् म्हणजे गूळ, सुंठ, वेलचीचे पन्हे. एप्रिलच्या उकाड्यात या दोहोंना प्रसादाइतकीच किंमत येते. कोणीही कोणाचे नावगाव विचारत नाही. संबंधरांच्या स्तोत्रातील पहिला सोहळा तो हाच. अलीकडे अन्नदानासाठी प्रशासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी असल्याने पानांचे द्रोण व कागदी पेले यांचा आग्रह धरला जातो. तरीही रात्री मिरवणूक सरल्यावर रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग दिसतात आणि सकाळपूर्वी ते उचलण्याचे काम महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वाट्यास येते.

मुलांसाठी मातीच्या बाहुल्या आणि भातुकलीची लाकडी खेळणी विकणारे विक्रेते या दिवसांत रस्त्याकडेला बसतात. तमिळमध्ये भातुकलीस ‘चोप्पु’ म्हणतात.

गर्दी आणि जबाबदारी

दाटीच्या जुन्या वस्तीत लाखोंचा समुदाय एका दुपारी जमतो, तेव्हा धोका गृहीत धरावाच लागतो. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत झालेली चेंगराचेंगरी महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या दुर्घटनेत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तमिळनाडूत १८ फेब्रुवारी १९९२ रोजी कुंभकोणम येथे महामहम् स्नानाच्या वेळी सुमारे ५० जणांचा बळी गेला. तंजावरजवळील कळिमेडू येथे २७ एप्रिल २०२२ रोजी रथाचा स्पर्श उच्चदाबाच्या वीजवाहिनीस होऊन ११ जण दगावले. आणि ५ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे पंगुनी उत्तिरम्‌च्याच दिवशी, चेन्नईच्या नंगनल्लूर भागातील एका मंदिराच्या तीर्थस्नान विधीत मूवरसंपट्टू येथील तळ्यात पाच तरुण बुडाले. या घटनांत गर्दी हे एकच कारण नव्हते. कोठे निसरड्या पायऱ्या, कोठे लोंबकळती तार, तर कोठे पाण्याच्या खोलीचा अंदाज नसणे, अशा साध्या गोष्टी जीवघेण्या ठरल्या.

मैलापुरात उत्सवकाळात वाहतूक वळविली जाते, पोलीस बंदोबस्त वाढविला जातो व वैद्यकीय पथके ठेवली जातात. मंदिराचा कारभार तमिळनाडू सरकारच्या हिंदू धर्मादाय विभागाच्या देखरेखीखाली १९५९ च्या कायद्यानुसार चालतो. उत्सवाची आखणी मंदिर प्रशासन, पोलीस आणि महापालिका मिळून करतात. २०२० साली करोना टाळेबंदीमुळे हा उत्सव नेहमीच्या काळात होऊ शकला नव्हता. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील कामे मैलापुरात सुरू झाल्यापासून रस्त्यांची रुंदीही काही ठिकाणी घटली आहे.

यात्रेकरूंनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चेन्नई सेंट्रल स्थानकासमोरील पार्क टाउन स्थानकातून उन्नत रेल्वेने तिरुमयिलै स्थानक गाठता येते व तेथून मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आठव्या दिवशी खासगी वाहन आणणे निरर्थक होय. रस्ते तापलेले असतात, म्हणून अनवाणी चालावयाचे असल्यास उन्हे कलल्यावर निघावे. दागिने घालून गर्दीत शिरू नये. लहान मुलांच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मूर्तीजवळ जाण्याची घाई नको. पालख्या सावकाश सरकतात आणि एका कोपऱ्यावर उभे राहिल्यास सर्व त्रेसष्टजण आपोआप समोरून जातात.

मराठी धागे

मैलापूर मराठी माणसाला पूर्वीपासून परिचित आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी कुटुंबातील होते. निवृत्तीनंतर ते मैलापुरात राहिले आणि १८९१ साली मद्रासमध्येच त्यांचे निधन झाले. उत्सवात होणाऱ्या हरिकथेच्या कार्यक्रमातही मराठी श्रोत्याला ओळखीचे काही सापडते. तंजावरच्या मराठी राजवटीत गेलेल्या कीर्तनकारांकडून तमिळ कथेकऱ्यांनी मांडणी व वृत्ते घेतली. साकी, दिंडी, ओवी ही नावे तेथे आजही वापरली जातात. चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागातील काळिकांबाळ मंदिरास शिवाजी महाराजांनी १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत भेट दिली, अशी परंपरा सांगितली जाते. अनेक मराठी यात्रेकरू ते दर्शन याच मुक्कामात उरकतात.

दहाव्या दिवशी सायंकाळी विवाहसोहळा होतो. लांडोरीच्या रूपातील देवीला पुन्नै वृक्षाखाली शिव प्रसन्न झाला, तो प्रसंग आधी साकारला जातो आणि मग मंगलसूत्र बांधले जाते. वऱ्हाडी म्हणून जमलेल्या स्त्रियांना हळद-कुंकू व प्रसाद मिळतो. त्यानंतर ध्वज उतरविला जातो. पुढील काही दिवस ‘विडैयाट्री’ म्हणजे देवाच्या विश्रांतीचे असतात. त्या काळात मिरवणूक निघत नाही. मंदिराच्या आवारात रोज सायंकाळी गायन, वादन आणि नृत्याचे कार्यक्रम होतात व ते ऐकावयास तिकीट लागत नाही.